बोंडल्याला रागावून पाहा

एकदा एका पेठेत एक व्यापारी राहत असे, आणि त्याच्या घरात पाणी नेहमी वरूनच प्यायले जाई. तांब्या हातभर उंच धरायचा, मान मागे टाकायची, धार थेट घशात. ओठ लागला की भांडे उष्टे. व्यापाऱ्याची आई याबाबत इतकी काटेकोर होती की त्या घरातली मुले पाढे शिकण्याआधी मान मागे टाकायला शिकत.

त्या घरच्या सुनेची, महानंदाची, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. साखर आटोक्यात येत नव्हती, गुडघे जिना चढू देत नव्हते. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून मागे केळ्याएवढी नळी ठेवली आणि घरी पाठवताना बजावले, "दिवसाला दीड लिटर पातळ पदार्थ पोटात गेलेच पाहिजेत, आणि तेही घोट घोट." दीड लिटर सर्वांच्या लक्षात राहिले. घोट घोट कुणाच्याच नाही.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी तिला पाहायला एक तरुण परिचारिका आली. गावातल्या एका वृद्ध, निवृत्त परिचारिकेची ती शिष्या. त्या वृद्धेला सगळे आक्का म्हणत. शिष्या शिकलेली, हुशार, घरी पाच महिन्यांचे बाळ असलेली. आपण काहीतरी चुकवू या धास्तीने ती सगळे वहीत लिहून ठेवी, आणि वही भरली की आपण चुकलो नाही असे समजे.

महानंदाची जीभ कोरडी होती, ओठ फुटले होते. उठली की डोळ्यांपुढे अंधारी येई. लघवी कडक चहासारखी.

"काकू, पाणी का पीत नाही तुम्ही?"

"पिते गं. छातीत दगड अडकल्यासारखं होतं, मग सगळं उलटून पडतं. आता तांब्या दिसला तरी भीती वाटते."

"नाटकं आहेत सगळी," व्यापारी दारातून म्हणाला. "जिलबीला कधी घाबरली नाही. पाण्याला घाबरते!"

समाचाराला आलेली शेजारीण शहाळ्याला भोक पाडत होती. "तोंड आवरलं असतं वैनी, तर पोट कापायची वेळ आली नसती. घ्या, हे एका दमात संपवा बघू."

सर्वांची पाठ वळल्यावर महानंदाने शिष्येचा पदर धरला. "पुन्हा दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं ना, तर हे सगळे म्हणतील, बघा, तेही जमलं नाही हिला. मला एवढं तरी जमू दे."

शिष्येला त्या घराचा संताप आला. पण संतापाचे एक विचित्र असते. तो जिथे सोपे तिथे उतरतो. तिने तांब्या भरला, महानंदाची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "मग प्या! तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?" धार पडली. सगळे पाणी अंथरुणावर परत आले. शिष्येने वहीत लिहिले, रुग्ण सहकार्य करत नाही, आणि आक्कांना बोलावणे धाडले.

आक्का आल्या. नाडी पाहिली, पोट चाचपले, ताप नाही याची खात्री केली, आणि आधी दवाखान्यात फोन लावून सगळे सांगितले. मग सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या नातवाचं बोंडलं कुठंय?"

"बोंडलं? चांदीचं? ते कशाला? ही काय तान्ही आहे?"

"आणा तर."

बोंडले आले, बाळाला दूध पाजायचे, चिमणीच्या चोचीसारखी चोच असलेले, दोन-तीन चमचे मावतील एवढे. आक्कांनी ते जमिनीवर ठेवले आणि शिष्येच्या हाती काठोकाठ भरलेला तांब्या दिला. "उभी राहा. हात उंच कर. भर हे."

"इतक्या उंचावरून?"

"एका दमात."

धार पडली. बोंडले थडथडले, कलंडले. पाणी सतरंजीवर, सासूबाईंच्या पायांवर, व्यापाऱ्याच्या पायजम्यावर. आत चमचाभरही राहिले नाही.

"आता याला रागाव," आक्का म्हणाल्या.

"कुणाला?"

"बोंडल्याला. म्हण, नाटकं करतंस. म्हण, तुला बरं व्हायचंय की नाही?"

शिष्या मान खाली घालून उभी राहिली. शेजारीण हसायला लागली आणि आपण एकटीच हसतोय हे कळून थांबली.

मग आक्कांचा आवाज चढला. "तुझं बाळ दूध ओकतं तेव्हा काय करतेस? खांद्यावर घेतेस, पाठ थोपटतेस, थोडं थोडं पाजतेस. त्याला आळशी म्हणतेस? हिचं पोट सहा दिवसांचं आहे! आत टाके ओले आहेत, सूज आहे, वाट करंगळीएवढी. तिच्यावर तुम्ही नळ सोडताय. धारेबरोबर वारा गिळला जातो, तो आत दुखतो, पाणी परत येतं. आणि वर दोष कुणाचा? जिची वाट अरुंद तिचा! ओतणाऱ्याच्या हाताबद्दल एक अक्षर नाही. लाज वाटू दे थोडी."

व्यापारी ओला पायजमा झटकत राहिला.

आक्का महानंदाजवळ बसल्या. बोंडले भरून त्याची चोच तिच्या ओठाला लावली. सासूबाईंचे तोंड उघडले आणि मिटले. त्या घरात ओठाला लावायची मुभा असलेले तेवढे एकच भांडे होते. "निम्मंच घे. थांब. छाती काय म्हणते ते ऐक. मग उरलेलं. जागी आहेस तोवर दर पाच-सात मिनिटांनी. ताक घे, पातळ वरणाचं पाणी घे. संध्याकाळपर्यंत पोटात टिकलं नाही, लघवी साफ झाली नाही, तर सलाइन लावायचं. त्यात हरणं नसतं बाई, तोही घोटच, हाताच्या शिरेतून दिलेला."

सलाइन लागले नाही. तिसऱ्या प्रहरी लघवीचा रंग उतरला, आणि दुसऱ्या दिवशी महानंदा अंधारी न येता खिडकीपर्यंत चालत गेली. शेजारीण पुन्हा शहाळे घेऊन आली तेव्हा सासूबाई उंबऱ्यातच कडाडल्या, "आत्ता तिला बोलायला लावू नकोस. तिच्या घोटाची वेळ झालीय."

शिष्येने वही उघडली. सहकार्य करत नाही हे शब्द खोडले आणि त्यांखाली लिहिले: रुग्णाचा दोष नाही. पाजणारी घाईत होती. आक्कांनी ते वाचले. आणि कोरड्या सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली.

घरात कुणाच्या घशाखाली काही उतरत नसेल, तर ओरडण्याआधी आपला हात किती उंच आहे ते पाहावे. ही गोष्ट सांगणारी मीही रोज पाहते. रोज तो खाली असतोच असे नाही.