कुलूपबंद दारावरची नोटीस

माझी लेक शालन जर्मनीत नर्स म्हणून गेली. त्यानंतर चार महिन्यांनी नगरपालिकेनं तिच्या इथल्या रिकाम्या खोलीच्या दाराला नोटीस चिकटवली. स्कूटरच्या पार्किंगचा दंड थकलाय, कोर्टात हजर व्हा. हजर कोण होणार? कोर्टानं एकतर्फी दोषी ठरवलं. आता पोलीस चारित्र्याचा दाखला देईनात, आणि दाखल्यावाचून पोरीची तिथली नोकरी जाणार होती.

तिचं मुखत्यारपत्र घेऊन मी निकालाविरुद्ध अर्ज केला. त्याची नक्कल पालिकेला मीच पोचवायची होती.

तारखेला पालिकेचे वकील दिघावकर कोट सावरत उठले. "मॅडम, माणूस कुठंही असो, नोटीस दाराला लागली म्हणजे पोचली. आणि या आजोबांची नक्कल आम्हाला मिळालेलीच नाही."

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडं बघितलं. "बाबा, नक्कल का नाही दिलीत?"

"दिली की. पालिकेच्या दाराला चिकटवली, दोन पंच उभे करून. हा फोटो."

फोटो बघून दिघावकर हसले. "अहो, ही जुनी इमारत. कुलूप आहे तिला. पालिका वर्षापूर्वीच स्टँडसमोर गेली, गावाला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण तुमचा कागद कुलूपबंद दारावरून जर्मनीला पोचतो, मग माझा स्टँडपर्यंत का जात नाही?"

दिघावकर कागद चाळत राहिले.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, दोन्ही कागद पोचले म्हणू, की दोन्ही नाहीत? पोचले असतील तर तुमचं उत्तर आलेलं नाही, मी आत्ताच एकतर्फी निकाल देते."

"दोन्ही नाहीत," दिघावकर खाली बघत म्हणाले.

शालनचा निकाल तिथंच रद्द झाला.