दहा हजार सात आणि एक

त्या राज्यात ज्याचे सारखे वाटे पडतात तोच भला, असा कायदा होता. प्रत्येकाचं अंग सुट्या खड्यांचं. जेवढं नाव तेवढे खडे. वेशीवर ते ओळींनी मांडायचे. सगळ्या ओळी सारख्या भरल्या तर गावात घर आणि चुलीपाशी जागा. एक खडा जरी उरला तरी बाहेर, उघड्यावर. सगळ्या खड्यांची मिळून एकच लांब ओळ चालत नसे. ती काय, कुणीही लावील. पाटीलकी साठाकडे होती. दोनापासून तिसापर्यंत कितीतरी जणांचा त्याच्यात वाटा. अशाला कोण नाही म्हणणार?

त्या हिवाळ्यात बाहेरचे आकडे गारठून मरू लागले, तेव्हा दहा हजार सात नावाचा म्हातारा वेशीवर आला. जन्मभर त्यानं या गावाला शिव्या घातल्या होत्या. आता थंडीपुढं इलाज नव्हता.

पंचवीस मापारी बसले होते, दोन, तीन, पाच, सात असे थेट सत्त्याण्णवापर्यंत. दोनानं जोड्या लावल्या, एक उरला. तिनानं मांडलं, दोन उरले. सातानं मांडलं, चार उरले. दर वेळी म्हाताऱ्यानं अंग गोळा करायचं आणि पुढच्यापुढं परत पसरायचं. दुपार कलली. सत्त्याण्णवाच्या ओळी लागल्या, सोळा उरले. त्यापुढं बघायचं कारण नव्हतं. शंभरापर्यंतच्या ओळींचा हिशेब झाला होता, आणि एकशे एकांच्या एकशे एक ओळी भरायला म्हाताऱ्याचं अंगच पुरत नव्हतं.

"एवढं मोठं धूड, आणि कुणाच्या वाट्याला येत नाही," साठ पाटील म्हणाला.

"तुझ्यासारखं नाही. कुणीही यावं आणि फोड काढून न्यावी!"

लोक हसले. पाटील हसला नाही. वेशीपाशी भीक मागत बसलेल्या, एक नावाच्या एकुलत्या खड्याकडं त्यानं बोट केलं. "म्हाताऱ्या, हट्टानं ऊब येत नाही. याला पोटाशी घे आणि दहा हजार आठ होऊन आत ये."

"घ्या की आजोबा," एक म्हणाला. "एका खड्यानं काय बिघडतंय? मलाबी शेक मिळंल."

मापारी सत्त्याण्णव म्हाताऱ्याचे खडे वेचून देत होता. खाली वाकून तो पुटपुटला, "नका घेऊ, बाबा. मीही तुमच्यासारखाच आहे."

"मग तू आत कसा रे?"

"दुसऱ्यांना मांडायचं काम करतो. म्हणून मला कुणी मांडत नाही."

म्हातारा काहीतरी तिखट बोलणार होता, पण दातखीळ बसली होती. त्यानं एकाला पोटाशी घेतलं.

आत नेऊन पाटलाच्या हुकमानं त्याचे बहात्तर ढीग केले. प्रत्येकात एकशे एकोणचाळीस. काही म्हणजे काही उरलं नाही.

"बघा," लोक म्हणाले, "किती सरळ निघाला!"

पाटलाची सून बारा, स्वभावानं मायाळू. तिनं चुलीपाशी पाट मांडला आणि हाक मारली, "दहा हजार सात आजोबा, या, शेकायला बसा."

बहात्तर ढीग एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.