भिंतीवरचा घास

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका. तेव्हाचे राजे गेले, त्यांची राज्यं गेली आणि वर्षं मोजून ठेवायला कोणी उरलं नाही. त्या काळी एका राजाची शेजारच्या राजाशी लढाई चालली होती. ती इतकी लांबली की कशावरून सुरू झाली हे दरबारातही कोणाला आठवेना. छोट्यांनो, तुमची भांडणं निदान जेवायच्या वेळेला तरी मिटतात. मोठ्यांचं तसं नसतं.

राज्यातलं धान्य सगळं फौजेकडे जाई. घरात माणशी मूठभर जोंधळे मिळत. आपल्या वाट्यातलं दुसऱ्याला दिलं, तर दोघांचंही महिनाभराचं धान्य बंद. त्या मुलखात जेवणाआधी एक घास कावळ्यासाठी बाहेर ठेवायची रीत होती. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याला तो पोचतो, असं लोक मानत. लढाईत माणसं मरू लागली तसे घासही वाढले. तेव्हा राजाने हुकूम काढला, "पाखरांच्या चोचीत जो दाणा घालील, तो सरहद्दीपार!"

येसू याच राज्यात, एका टेकडीखालच्या गावात राहायची. वय आठ वर्षं. बाप लढाईत मेला होता, आणि आई फौजेच्या तंबूंसाठी दोर वळायला पहाटे जाई ती दिवे लागल्यावर परते. परतल्यावर तिच्यात बोलायचंही त्राण नसे. इतर पोरांना त्यांच्या आयांनी बजावून ठेवलं होतं, "कोणाकडे जायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही." सकाळची शाळा सोडली तर येसू दिवसभर एकटी. कधी कधी ती स्वतःलाच हाक मारून बघे आणि स्वतःच ओ देई. मग तिला फार रडू येई.

शेजारी बनाक्का राहायची. तिचा एकुलता एक मुलगा लढाईवरून परत आला नव्हता. हुकूम निघाला तरी बनाक्का त्याच्या नावाचा घास दोन घरांमधल्या भिंतीवर रोज ठेवायची. एक दिवस भुकेने कासावीस झालेल्या येसूने तो उचलून तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपण कावळ्याचं चोरतो, या विचाराने तिचा जीव खालीवर होई. पण एवढासा घास हळूहळू चतकोर भाकरी झाला, चतकोराची अर्धी झाली. येसू मनात म्हणे, 'काय नशीबवान कावळा आहे हा!' त्या वेळी बनाक्का ओसरीवर नेमकी भिंतीकडे पाठ करून बसलेली असे.

राजाने गावोगाव शाळा काढल्या होत्या. तिथे अक्षरं थोडी आणि चौकशाच फार. रोज सकाळी पंतोजी विचारत, "काल शेजारच्या घरी काय पाहिलंत?" जो सांगेल त्याला गुळाचा खडा. शिवाय पंतोजी त्याचं नाव घेऊन शाब्बास म्हणत आणि त्याला जवळ बसवून घेत. गुळाचं सोडा, कोणीतरी आपलं नाव घ्यावं म्हणून येसूचा जीव तुटत असे. शेवटी एके दिवशी तिला राहवेना. आपल्याजवळची सगळ्यात लहान, निरुपद्रवी बातमी तिने निवडली. कावळ्याला कोण पकडणार, असं त्या भाबड्या पोरीला वाटलं.

ती उठून म्हणाली, "बनाक्का भिंतीवर घास ठेवते. कावळा खातो."

"शाब्बास, येसू!" पंतोजी म्हणाले.

दुपारच्या आत शिपाई आले आणि बनाक्काला चावडीवर घेऊन गेले. येसू मागून धावली.

ठाणेदाराने दरडावून विचारलं, "म्हातारे, राजाचं धान्य कावळ्यांना घालतेस?"

"घालते."

"किती कावळे येतात?"

"एकच येतो. लहान आहे हो अजून. पंखसुद्धा फुटले नाहीत त्याला."

बनाक्काने येसूकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा कुठे येसूला सगळं उमगलं. भाकरी तिच्यासाठीच वाढत होती. बनाक्काने खरं सांगितलं असतं, तर दोघींचं महिन्याचं धान्य बंद झालं असतं, पण बनाक्का आपल्या घरात राहिली असती. पोर उपाशी राहू नये म्हणून ती मुलूख सोडायला तयार झाली होती.

येसू शिपायांमधून वाट काढत पुढे घुसली. "तो कावळा नव्हता! मी खायचे ते! माझं धान्य बंद करा, पण बनाक्काला सोडा!"

ठाणेदार हसला. "कावळा म्हणून लिहून झालंय, पोरी. सकाळी तूच सांगितलंस ना? आता घरी जा बरं."

निघताना बनाक्काने येसूच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको गं बाय. तुला बोलायला कोणी नव्हतं, एवढंच झालं."

ती गेली ती गेलीच.

त्या दिवसापासून येसूने तोंड मिटलं. आईशीसुद्धा ती हो-नाहीपलीकडे बोलेना. बोललं की माणूस जातं, हे गावानेही ओळखलं. शाळेत पंतोजी रोज विचारत, मुलं खाली माना घालून बसत, आणि गुळाला मुंग्या लागत. येसू शाळेआधी, भल्या सकाळी टेकडीवर काटक्या वेचायला जाई. वर आभाळ, खाली गाव, आणि मध्ये ती एकटी.

पुढल्या उन्हाळ्यात राजा स्वतः थोड्या स्वारांनिशी त्या गावाजवळ मुक्कामाला आला. दुसऱ्या सकाळी येसूला टेकडीवरून पलीकडच्या खिंडीत धूळ दिसली. मग घोडे दिसले, भाले दिसले. शत्रूची फौज राजावर चालून येत होती. येसू काटक्या टाकून गावाकडे धावत सुटली. अर्ध्या उतारावर मात्र तिचे पाय थबकले. आपण सांगितलं तर आता कोणाला नेतील? आईला? ती एका दगडावर बसून हुंदके देऊ लागली, पण तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. शेरडं राखणाऱ्या दोघांनी आणि एका लाकूडतोड्यानेही ती धूळ पाहिली होती. तेही माना वळवून आपापल्या वाटेने गेले.

लढाई अशी झालीच नाही. राजा न्याहारीला बसला होता, तिथेच शत्रूने त्याला बांधलं. त्याला घेऊन फौज टेकडीच्या वाटेने परत निघाली, तेव्हा टाकलेल्या काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन येसू वाटेच्या कडेला उभी होती.

राजा तिच्यावर ओरडला, "कार्टे, तू टेकडीवर होतीस ना? फौज येताना दिसली नाही तुला?"

"दिसली."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

किती महिन्यांनी येसू एवढं लांब बोलली. "मागे सांगितलं होतं, महाराज. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही आमचं माणूस नेलंत, आणि दुसऱ्यांदा ऐकलंच नाहीत."

राजाला ओढत फौज पुढे गेली, आणि येसू आपल्या रिकाम्या घराकडे चालू लागली.

तात्पर्य: जो राजा मुलांच्या बोलण्याचा फास करून माणसं पकडतो, त्याच्यावर संकट आलं की त्याला सावध करायला कोणी तोंड उघडत नाही.