दोघींचं वजन

"मंग ही थरथर येते कुठून, उस्ताद?"

काशिनाथ जीपखालून सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, हातात पाना. हाच प्रश्न त्याने सकाळपासून निरनिराळ्या आवाजांत विचारून पाहिला होता.

लतीफ उस्ताद करंजाखाली बाजेवर बसले होते.

राजूरच्या रस्त्यालगतचा हा पत्र्याचा आडोसा म्हणजे उस्तादांचं गॅरेज. काशिनाथ इथेच पाना धरायला शिकला. पुढे त्याने संगमनेरात स्वतःचं गॅरेज काढलं, भलामोठा बोर्ड लावला. डोंगरात न्यायच्या जीपा उंच करून देण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो सांगत असे. सांगत स्वतःच असे, पण ते खोटं नव्हतं.

आता त्याचीच जीप उंच केल्यापासून थरथरत होती.

"स्टेअरिंगचे हिसके दाबणारा डॅम्पर नवा टाकला. चाकं बॅलन्स केली. स्प्रिंगचे पाटे उंच केले की पुढच्या चाकांचा कल बिघडतो, म्हणून पाचर घालून तोही जागेवर आणला. पाट्यांच्या टोकाचे रबरी बुश तर सारखेच बदलतोय. चार दिवस बरी चालते. मंग रबर फाटतं, आणि जरा वेग घेतला की स्टेअरिंग हातात राहत नाही. आज पुन्हा नवे बुश घातले. सगळे बोल्ट गच्च आवळले. माझं राहिलं तरी काय?"

उस्तादांनी जीपकडे पाहिलं. गाडी जॅकवर होती. चाकं हवेत लोंबत होती.

"उंच कशाला केलीस?"

"पोटाला दगड लागत होते."

"कुठले?"

"ओढ्यातले."

"कुठल्या ओढ्यातले?"

काशिनाथ पान्यावरचं ग्रीस पुसू लागला.

"काशा."

"सासुरवाडीच्या."

काशिनाथची बायको मंजुळा गेल्या दिवाळीला माहेरी गेली, ती परत आली नव्हती. भांडण असं काही झालं नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "गाड्यांनाच तुमचा दिवस पुरत नाही, आमच्या वाट्याला कुठून येणार?" बरोबर पोर होती, नुकती पावलं टाकायला लागलेली.

पंधरवड्याने तो आणायला गेला. गावाच्या अलीकडे ओढा आहे. जीप मधोमध दगडांवर टेकली आणि पुढे जाईना, मागे येईना. गाव जमलं. बैल जुंपून जीप मागे ओढून काढली. पलीकडच्या काठावर मंजुळा उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. ओढ्याला पाणी होतं गुडघाभर. काशिनाथने तिच्याकडे एकदा पाहिलं, गाडी वळवली आणि तो परत आला.

गुडघाभर पाणी ओलांडायला या गड्याला आधी गाडी उंच करावी लागली. ताठा माणसाला काय काय कामं लावतो!

पण एक खरं, की तेव्हापासून त्याचं कशात मन लागत नव्हतं. गिऱ्हाइकाबरोबर आलेलं पोर गाडीत रडायला लागलं, की त्याच्या हातातलं काम थांबायचं. घरी मंजुळाचं लुगडं अजून दोरीवरच होतं. ते काढून घडी करून ठेवायचा त्याला धीर होत नव्हता.

"अशी गाडी घेऊन कसा जाऊ, उस्ताद? घाट उतरायचा. पोर आईच्या मांडीवर असणार. आठवड्यात पाऊस लागेल. ओढा भरला की दिवाळीपर्यंत वाट बंद." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "मला त्यांना घरी आणायचंय."

सकाळपासून पहिल्यांदाच तो गाडीबद्दल बोलत नव्हता.

उस्ताद बाजेवरून उठले.

"बोल्ट सोड."

"कुठला?"

"सगळे."

"आत्ताच तर आवळलेत!"

"चाकं लोंबत होती तेव्हा आवळलेस. गाडी खाली आली की पाटा दबतो, रबर पिळून निघतं. पिळलेलं रबर किती दिवस टिकेल?"

काशिनाथचे कान लाल झाले. हे त्याला इथेच, पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

"जॅकवर असली की हात नीट पोचतो," तो पुटपुटला. "काम सोपं जातं."

"जातं खरं."

त्याने बोल्ट सोडले. जॅक काढला. जीप जमिनीवर आली, जराशी डोलली आणि थांबली. तो पाना घेऊन खाली शिरायला वाकला.

"थांब. रिकामी आहे. माणसं बसली की पाटा आणखी दबेल."

"मंग?"

"मंजुळा कुठं बसते?"

"पुढं. डावीकडं."

"तिच्या वजनाचं काहीतरी ठेव तिथं."

काशिनाथने रस्त्याकडेच्या ढिगातली वाळू पोत्यात भरली. उचलून पाहिली. "नाही, एवढी नाही ती," असं स्वतःशीच म्हणत थोडी काढली. पुन्हा उचलली. पुन्हा मूठभर घातली. मग पोतं सीटवर ठेवलं आणि ते कलंडू नये म्हणून जरा सरळ केलं. हात लगेच मागे घेतला नाही.

"आता पोरीचं," उस्ताद म्हणाले.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातला जुना ब्रेक ड्रम उचलला, खाली ठेवला. क्लच प्लेट घेतली, तीही ठेवली. मग त्याने दोन्ही हात समोर धरले, आणि डोळे मिटून ते जरा वरखाली केले.

"दिवाळीला... एवढी होती."

"आता?"

हात तसेच राहिले. त्यांत काही नव्हतं.

"माहीत नाही, उस्ताद," काशिनाथ म्हणाला. "माझ्या पोरीचं वजन मला माहीत नाही."

उस्तादांनी सीटवरचं पोतं ओढून घेतलं आणि वाळू ढिगावर ओतून टाकली.

"बोल्ट निघणार नाहीत इतपत हातानं फिरव. सावकाश गेलास तर पोचशील."

"अशी ढिली गाडी घेऊन? आणि तिथं सगळ्या गावासमोर जावई गाडीखाली लोळणार?"

उस्तादांनी खाली पडलेला पाना उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"त्या दोघी वर बसल्या, की मग आवळ."