कारखानिसांच्या टकलावरचा हिरवा दिवा

कॅनडात तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकत बसतात. त्या नादाच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि हर्णैचा मोरेश्वर चोगले तिथल्या एका दुकानापुढे दातओठ खात उभा होता. याच दुकानातलं, बर्फाची जाडी सांगणारं यंत्र घेऊन त्याचा दादा महिन्यापूर्वी तळ्यावर गेला होता. हिरवा दिवा लागला म्हणून दादानं पाऊल टाकलं, बर्फ फुटला आणि दादा पुन्हा वर आला नाही.

दुकानदार कारखानीस टाय सावरत, लेकीला घेऊन आलेल्या एका मराठी गृहस्थाला पटवत होते. "भोक पाडून जाडी मोजायचे दिवस गेले हो! हे नुसतं वर टेकवा. बर्फ जाड असेल तरच हिरवा दिवा लागतो. खुशाल लेकीला घेऊन चाला."

"माझा भाऊ याच्यावर विसंबूनच बुडाला," मोरेश्वर म्हणाला.

"त्याला वापरता आलं नसेल. तू किती शिकलास रे?"

"चौथी."

"मग तुला यंत्रातलं काय कळणार? हे कधीच चुकत नाही!"

मोरेश्वरनं यंत्र उचललं आणि थेट कारखानिसांच्या टकलावर टेकवलं. हिरवा दिवा लागला. आकडा आला, बारा इंच.

गर्दी फिदीफिदी हसली. कारखानीस किंचाळले, "हा काय गाढवपणा!"

"आता तुम्हीच सांगा साहेब, यंत्र खोटं, की तुमच्या डोक्यात फूटभर बर्फ?"

यंत्र खोटं म्हणावं तर धंदा जातो, खरं म्हणावं तर अब्रू. गृहस्थानं हातातला यंत्राचा खोका परत फळीवर ठेवला आणि लेकीचं बोट घट्ट धरलं.