गुंडोपंतांची जात्यांची गणती

पाचशे पोती गव्हाचं पीठ, आणि तेही डोंगरपट्ट्याकडून! आठ दिवसांत राजधानीत पोचलं नाही, तर डोंगरातली सगळीच्या सगळी जाती उचलून आणायची आणि राजवाड्याच्या अंगणात फरशीसारखी बसवायची! राजा रणधवलाचा तसा हुकूमच सुटला. डोंगरात पिकते नाचणी, पिकते वरी. गव्हाची ओंबी तिथे कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आता बोला!

ही सगळी अक्कल दिवाण गुंडोपंतांची. झालं होतं असं की, शेजारच्या राजानं भर पंगतीत बढाई मारली, "आमच्याइतकं पीठ कुठल्याच राज्यात निघत नाही!" रणधवलाला ते झोंबलं. त्यानं विचारलं, "पंत, आपल्याकडे किती निघतं?" पंतांनी लगेच कारकून सोडले. त्या दिवट्यांनी काय मोजावं? शेतं नाहीत, कणग्या नाहीत, मोजली ती जाती! नदीकाठी नजर पोचेल तिथवर गहू, पण दळायला बैलांनी फिरवायची मोठी जाती दहाच. म्हणून नदीकाठ शेवटचा. डोंगरात घरटी एक जातं. म्हणून डोंगरपट्टा पहिला! त्यातही एका शहाण्यानं वरचा दगड एक जातं आणि खालचा दगड दुसरं जातं असं धरून डोंगराची जाती दुप्पट केली. गुंडोपंतांनी यावरून राज्याचा नकाशा रंगवला, डोंगराला सोनेरी रंग दिला आणि दर जात्यामागे पीठ लावून टाकलं.

हुकूम ऐकून डोंगरातले पाटील ओसरीवर डोकं धरून बसले होते. तेवढ्यात झुंबर टाकारीण आली. ही गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावायची. दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खरखरीत करायचं, हा तिचा धंदा. जाती गेली तर तिचं पोट जाणार होतं, आणि डोंगराच्या तोंडची भाकरी जाणार होती.

"पाटील, रडताय काय बायकांवाणी!" झुंबर म्हणाली. "मी बाई असून रडत न्हाई!"

"मग काय करू? पीठ आणू कुठनं?"

"दिवाणानं मागितलंय तसलंच पीठ देऊ की! मला एक जातं द्या, अन्‌ पाळीपाळीनं फिरवायला चार बाया द्या."

तिनं जात्याला ताजी टाकी लावली आणि बायांना बसवलं. "दाणे?" बायांनी विचारलं. "दाणे न्हाईत. नुसतं फिरवा." बाया हबकल्या. रिकामं जातं फिरवलं तर दगड दगडाला खातो, हे पोरीबाळींनाही ठाऊक! पण झुंबर हटायला तयार नव्हती. सात दिवस जातं रिकामं घरघरत राहिलं, आणि आठव्या दिवशी ती एक गाठोडं बांधून राजधानीत दाखल झाली.

दरबार भरलेला होता. गुंडोपंत सोनेरी नकाशाशेजारी पोट पुढे काढून उभे.

"काय गं ए, पाचशे पोती कुठायत?"

"पोती मागनं येतील, दिवाणजी. आधी वानगी बघा. पसंत पडली तर पुढचं." तिनं गाठोडं सोडलं. "तुमच्या कागदाबरहुकूम दळलंय. त्यात तिळाची कसर न्हाई."

पंतांना आयुष्यात ताटातली पोळी सोडून गव्हाचं दुसरं रूप माहीत नव्हतं. त्यांनी ती करडी भुकटी चिमटीत धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "रंग जरा काळा आहे. डोंगरातलं पाणीच तसलं! पण दळण कसं मुलायम आहे पाहा, महाराज! मी म्हणत होतो ना, डोंगराची ताकद मोठी!"

"चव बघा की," झुंबर म्हणाली.

पंतांनी ऐटीत चिमूट जिभेवर टाकली आणि दात मिटले. कचकन आवाज आला!

"थू! थू थू! अगं, हा दगड आहे, दगड!"

"अगंबाई! दगड निघाला व्हय?"

"मूर्ख बाई! जात्यात गहू घातला होतास का?"

"न्हाई बा."

"गव्हाशिवाय जात्यातून पीठ निघतं का कधी? एवढीसुद्धा अक्कल नाही तुला?"

झुंबर कमरेवर हात ठेवून राजाकडे वळली. "ऐकलंत, सरकार? गव्हाबिगर पीठ निघत न्हाई म्हणत्यात दिवाणजी! मग आठ दिवसांमागं डोंगराकडं पीठ मागताना ही अक्कल कुठं ठेवली होती? ह्यांच्या कागदात नुसते दगड लिवलेत, गहू कुठंच न्हाई. दगडाकडं पीठ मागितलं, दगडानं दिलं! पसंत असंल तर पाचशे पोती हेच पाठवते!"

पंत रुमालानं जीभ पुसत होते. राजानं नकाशाकडे पाहिलं, पंतांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो असा हसत सुटला की मुकुट सावरायला दोन्ही हात लावावे लागले!

"पंत, खाल्लंत ना तुमचं पहिल्या नंबराचं पीठ?" हसू आवरत तो म्हणाला. "हुकूम रद्द! बाई, तू माग, काय हवं ते."

"नदीकाठी गहू पडून ऱ्हातो, सरकार, अन्‌ आमच्याकडं जाती रिकामी. गव्हाच्या गाड्या डोंगरात धाडा. आम्ही दळून देऊ, निम्मं पीठ तुमचं, निम्मं डोंगराचं."

"कबूल! आणि तुला माझ्याकडून सोन्याचं कडं." राजानं स्वतःच्या मनगटातलं कडं काढून तिच्या हातात घातलं. "पहिली गाडी घेऊन गुंडोपंत स्वतः येतील. महिनाभर जात्यात गहू तेच घालतील. मूठ मूठ!"