उघडे शिफारसपत्र

एका विद्यापीठात एकदा एक वृद्ध प्राध्यापक होते. विषय सैद्धांतिक रसायनशास्त्र. म्हणजे रसायनशास्त्रच, पण त्यात परीक्षानळी नाही, ॲसिडचा वास नाही, बोटांना डाग नाहीत. रेणूचा आकार कसा असेल, तो कुठे वाकेल, कुठे तुटेल, हे सारे गणिताने काढायचे. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक त्यांना 'कोरडे केमिस्ट' म्हणून चिडवत आणि सर ते कौतुक समजून घेत.

काळ आजचा नव्हे. विद्यापीठात तेव्हा संगणक नव्हता. तो होता ऐंशी मैलांवरच्या शहरात, थंडगार खोलीत, एखाद्या संस्थानिकाच्या थाटात. त्याला प्रश्न विचारायचा तर भोके पाडलेल्या कार्डांवरून विचारावा लागे. हजारभर कार्डे बिस्किटाच्या डब्यात रचायची, डबा मांडीवर घेऊन एसटीने जायचे, खिडकीतून तो आत द्यायचा आणि दोन दिवसांनी उत्तर आणायला पुन्हा जायचे. एक कार्ड उलटे लागले की आठवडा पाण्यात. उत्तर येई ते रुंद कागदांच्या लांबलचक घडीवर. त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर विभागाची कच्ची गणिते होत, किराण्याच्या याद्या होत, एका लेखनिकाच्या मुलीच्या लग्नाची पाहुण्यांची यादीही झाली होती. ते दिवस गेले ते बरेच झाले असे म्हणायला हवे, पण म्हणवत नाही.

शालन ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. चार वर्षे तिने तो डबा मांडीवर वाहिला. कंडक्टर तिला 'बिस्किटवाल्या बाई' म्हणून ओळखत. प्रबंध पुरा झाला आणि त्याच सुमारास दूरच्या एका मोठ्या संस्थेची जाहिरात आली. पीएच.डी. झालेल्यांसाठी तीन वर्षांची पाठ्यवृत्ती, राहण्याची सोय, आणि संगणक त्याच इमारतीत. जागा मात्र एकच. इकडे तिच्या थोरल्या भावाने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शब्द टाकून ठेवला होता. तिथे नोकरी चांगली होती, पण शालनचा विषय तिथे संपत होता. ही जागा मिळाली तर रेणू, नाहीतर अकरावीच्या वह्या, इतका सरळ हिशेब होता.

अर्जासोबत गुरूंचे शिफारसपत्र लागे. अशी पत्रे गुरू बंद करून परस्पर पाठवतात, विद्यार्थ्याने ती पाहायची नसतात. सरांनी मात्र पाकीट उघडेच तिच्या हाती दिले. म्हणाले, "वाच, आणि तूच पेटीत टाक."

जिन्यात उभी राहून तिने पत्र वाचले. चार वाक्ये होती. 'या विद्यार्थिनीने माझ्याकडे चार वर्षे काम केले. तिच्या हातून एक मोठी चूक झाली. लेख छापण्यासाठी स्वीकारला गेल्यानंतर ती चूक तिची तिलाच सापडली आणि तिने लेख परत घेतला. याहून अधिक काही सांगण्याची मला गरज वाटत नाही.'

शालनने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

चूक खरी होती. संगणकाची महिन्याकाठी मोजकीच मिनिटे विभागाच्या वाट्याला येत. ती पुरावीत म्हणून तिने रेणूच्या दोन्ही बाजू सारख्या धरल्या होत्या, म्हणजे काम निम्मे. कोरडे केमिस्टच करतील अशी ही चूक. रेणूने सुरेख आकार घेतला, लेख झाला, स्वीकारला गेला. मग एका महिन्यात थोडी मिनिटे उरली, तेव्हा तिने ती अट सहज काढून पाहिली. रेणू एका अंगाला कलला आणि ऊर्जेच्या हिशेबात आणखी खाली जाऊन स्थिरावला. डोंगराच्या धारेने चालणाऱ्याला खिंड आली की सर्वांत खालची जागा आली असे वाटते, पण बाजूला उतार पुढे चालूच असतो, तसेच हे. कोणी तपासणार नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितले आणि संपादकांना लिहून लेख मागे घेतला. तिचा तो एकुलता एक लेख होता.

ती परत वर आली. सर कपाटातले जुने गठ्ठे सोडत बसले होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"सर, माझं काही चुकलं का?"

"पत्रात लिहिलंय की."

"तसं नाही. बाकीच्यांच्या पत्रांत हुशार, कष्टाळू, असं असेल. माझ्याकडे एक लेखही नाही, आणि तुम्ही नेमकं हेच लिहिलंत. मला ही जागा हवी आहे, सर. फार हवी आहे."

सरांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "बस. अगं, आपलं यंत्र कुठल्याही प्रश्नाला उत्तर देतं. प्रश्न चुकीचा विचारला तरी तितक्याच ऐटीत देतं. हुशारी गुणपत्रिकेत दिसते, ती मी कशाला सांगू? ज्यांना तीन वर्षं एखादं माणूस पोसायचंय त्यांना एकच कळायला हवं. उत्तर देखणं आलं, मनासारखं आलं, कुणी बघत नाहीये, तेव्हा हे माणूस काय करतं? ते मी पाहिलंय. दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नाही."

त्यांनी खाली ठेवलेल्या गठ्ठ्याची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा हाताने फिरवायचं गणकयंत्र होतं. दांडा फिरवून फिरवून खांदा धरायचा. मीही दोन्ही बाजू सारख्या धरल्या. लेख छापून आला, त्यावर मला पाठ्यवृत्ती मिळाली. दोन महिन्यांनी चूक दिसली."

"मग?"

"मग काही नाही. गप्प बसलो. त्या लेखाचा दाखला लोक अजून देतात. भेटले की अभिनंदन करतात, आणि मी मान हलवतो." त्यांनी चष्मा पुसला. "तुला दुसरं पत्र हवं असेल तर लिहून देतो. सगळे लिहितात तसं. त्यातलाही शब्द न् शब्द खराच असेल. आता सांग."

शालनला सरांकडे बघवेना. तिने टेबलावरचा डिंक घेतला, पाकीट चिकटवले आणि जाऊन पेटीत टाकले.

मुलाखतीला तिघे जण होते. त्यांनी तिला खडू दिला आणि म्हणाले, तुमचा चुकलेला रेणू काढून दाखवा. पाऊण तास ती तेवढेच बोलत होती. जागा तिला मिळाली.

दुसऱ्या वर्षी संस्थेच्या वाचनालयात ती नवे अंक चाळत होती. एका अंकाच्या शेवटच्या पानावर, शुद्धिपत्रांच्या बारीक टाइपात, सरांचे नाव होते. 'एकतीस वर्षांपूर्वीच्या माझ्या लेखात दिलेला रेणूचा आकार चुकीचा आहे. त्याच्या दोन्ही बाजू मी न तपासता सारख्या धरल्या होत्या. ही चूक मला त्याच वर्षी कळली होती.'

शेवटचे वाक्य कोणत्याही संपादकाने मागितले नसते. ते गाळले असते तर नुसती नजरचूक ठरली असती, आणि वयाकडे पाहून लोकांनी वर मोठेपणाच दिला असता. शालनला रडू आले आणि तिने ते येऊ दिले.

मग तिने जुन्या अंकांतून सरांचा तो लेख शोधून काढला. आठ दिवस ती त्यातली आकडेमोड खाली संगणकावर पुन्हा करून पाहत होती. नवव्या दिवशी तिने सरांना पत्र लिहिले.

'ती. सरांस सा. न. वि. वि. शुद्धिपत्र वाचले. तुमचा लेख पहिल्यापासून तपासला. ती एक गोष्ट सोडली तर बाकी सगळे गणित बरोबर आहे. दांडा फिरवून इतके अचूक कसे काढलेत, ते मला शिकायचे आहे. सुट्टीत येते.'